आंघोळीच्या आधी

चंद्रामावशी, तुला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि मी माझ्या आईशी एक खोटं बोलून बसले आहे. ते कोणतं, हे तुला सगळ्यात शेवटी सांगते. तुला हसू येईल, आणि मग तू म्हणशील, ‘बघ, आता कळलं ना?’ त्याआधी आपलं ते जुनं भांडण मिटवू दे. तुझ्याकडून ते केव्हाच मिटलं होतं. माझ्याकडून राहून गेलं.

तुझ्या दाभोळच्या अंगणात मी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या खांद्याला एक थंड डबा होता, पिशवीत कापूस लावलेल्या काड्यांची पाकिटं होती आणि डोक्यात भरपूर हवा होती. वय वाढतं तसं माणसाच्या कातडीचं काय होतं आणि त्या कातडीवर राहणाऱ्या जिवाणूंचं काय होतं, हे मला शोधायचं होतं. रत्नागिरीतल्या आमच्या प्रयोगशाळेत यावर वाचायला पुष्कळ होतं, पण ते सगळं थंड देशातल्या, सावलीत बसणाऱ्या माणसांच्या कातडीबद्दल. मला उन्हात, खाऱ्या वाऱ्यात, बर्फात हात घालून चाळीस-चाळीस वर्षं काढलेल्या बायका हव्या होत्या. कोणीतरी सांगितलं की चंद्रामावशीला गाठ, ती हो म्हणाली की सगळ्या हो म्हणतील.

तू मला वरपासून खालपर्यंत बघितलंस. ‘कुठची गो तू?’

‘सावर्ड्याची.’

‘म्हणजे मासा निवडता येत नसणार.’

खरंच येत नव्हता. भातशेतीवाल्यांच्या घरातली मी, आमच्याकडे मासा यायचा तो आठवड्याच्या बाजारातून आणि तोही आईच्या नजरेखालून. तू म्हणालीस, ‘आधी कोलंबी सोलायला शीक, मग आमची कातडी सोल.’ आणि वाडीतल्या अठरा बायका जमवून दिल्यास. मी तुला ‘तुम्ही’ म्हणत होते. चौथ्या-पाचव्या भेटीला तू वैतागून म्हणालीस, ‘बँकेतल्या सायबाशी बोलतस का माझ्याशी? तू म्हण.’ त्या दिवसापासून तू मला ‘तू’ झालीस.

आमच्या कामातला पहिला नियम सोपा आहे. ज्या जागेवरून काडी फिरवायची, त्या जागेला आदला पूर्ण दिवस साबण लागलेला नसावा. साबणाने जिवाणू धुतले जातात, मग काडीवर येणार काय? मी तुम्हा सगळ्यांना हे नीट समजावून सांगितलं होतं. काडी फिरवायची तीन ठिकाणी: कपाळ, दंडाची आतली बाजू आणि मनगटाच्या वरचा हाताचा उन्हात भाजलेला भाग. मी दुपारी चारला यायचे, कारण माझी एसटी तेव्हा पोचायची. तुझ्या पडवीत सगळ्या ओळीने बसायच्या आणि मी सगळ्यांसमोर मोठ्याने विचारायचे, ‘कालपासून साबण लावून आंघोळ केलेली नाही ना?’

‘नाय,’ अठरा जणी एका सुरात.

मी लिहून घ्यायचे.

एकदा डब्यातला बर्फ वाटेत वितळला होता. तू तुझ्या टबातला ओंजळभर बर्फ उचलून माझ्या डब्यात टाकलास, बांगड्याच्या खवल्यांसकट. मी किंचाळलेच. ‘मावशी, हे सगळं फुकट जाईल.’ तू शांतपणे म्हणालीस, ‘बर्फ तो बर्फ. म्हावऱ्याला चालतो नि तुझ्या कान कोरायच्या काडीला चालत नाय?’ त्या दिवसाचे नमुने मी टाकून दिले आणि घरी येऊन आईला सांगताना पोट धरून हसले. आई मात्र हसली नाही. तिने विचारलं, ‘बर्फाला वास येत होता का?’

मग निकाल आले. अठराही जणींच्या कातडीवर जिवाणू आश्चर्य वाटावं इतके कमी होते. कपाळावर तर जवळजवळ सामसूम. मी हवेत. मी ताबडतोब तर्क बांधला की मीठ, बर्फ आणि माशाचं पाणी यांनी वर्षानुवर्षं धुऊन धुऊन तुमच्या कातडीवरची वस्तीच उठवली आणि त्यामुळे कातडी लवकर म्हातारी झाली. सगळं कसं चपखल बसत होतं. मुंबईतल्या एका परिषदेसाठी मी निबंधाचा गोषवारा पाठवूनसुद्धा दिला. आणि मिठाईचा पुडा घेऊन तुमचे आभार मानायला दाभोळला आले.

पडवीत उभी राहून मी जे बोलले, ते आठवलं की आजही मान खाली जाते. ‘तुमच्या धंद्यामुळे तुमच्या कातडीवरचे चांगले जिवाणू नाहीसे झालेत,’ असं मी सांगितलं, आणि सांगताना माझा चेहरा फुललेला होता. पेढे तसेच राहिले. तुझी सून सुनंदा आपले हात उलटेपालटे करून बघत होती.

चार दिवसांनी तू रत्नागिरीला आलीस. आधी न कळवता, एकटी, दोन फेरीबोटी बदलून. प्रयोगशाळेच्या दारात चपला काढून उभी होतीस. शिपायाने सांगितलं, ‘मॅडम, तुमच्याकडे कोणी मासेवाली आलीय.’ मला वाटलं, तू मासे घेऊन आलीस. तुझे हात रिकामे होते.

‘बाय,’ तू म्हणालीस, ‘आमी सगळ्यांनी आंघोळी केलेल्या.’

मला आधी कळेना. तू पुन्हा सांगितलंस. दर वेळी, अठराही जणींनी, तूसुद्धा. बाजारातून एक वाजता यायचं, मागीलदारी साबण लावून स्वच्छ आंघोळ करायची, मग सकाळचीच साडी पुन्हा नेसायची, म्हणजे मला वाटावं की आंघोळ झालेली नाही. आणि चारला माझ्यासमोर ओळीने बसायचं.

माझा स्वभाव तुला माहीत होता. मी आधी भडकते, विचार नंतर करते. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी काय बोलले ते शब्द न् शब्द आठवतंय. ‘तुमच्या अडाणीपणापायी माझं दीड वर्ष पाण्यात गेलं. तुम्हाला एक साधी गोष्ट सांगितलेली कळत नाही?’ मी तुला पुन्हा ‘तुम्ही’ म्हणायला लागले होते. ते तुझ्या लक्षात आलं होतं, तू नंतर एकदा बोललीस तसं.

तू समोर ठेवलेला चहा बशीत ओतून प्यायलीस. मग म्हणालीस, ‘अडाणी तर अडाणी. पण तू येतस चारला. आमी बाजारातून येतो एकला. येऊन नातवाला हात लावत नाय आंघोळ केल्याशिवाय. नि तू शिकलेली पोर हात धरणार, कपाळाला काडी लावणार. तुझ्यासाठी अंगाला वास ठेवून तीन तास बसायचं? नि वर सगळ्यांसमोर सांगायचं की मी पारोशी हाय?’

मी टेबलावरचे कागद आवरायला लागले.

‘आमी नाय बोललो असतो कधी,’ तू म्हणालीस. ‘पण सुनंदा बाजारात बसायची बंद झाली. हाताला पायमोजे घालून फिरते घरात. म्हणते, धंद्यान कातडं मरतं, मॅडमनी मशीनवर बघितलान. उद्या पेपरात छापून येईल तुझं. मग आमच्या पोरी कोण करून घेईल, नि मासा तरी कोण घेईल आमच्या हातचा? ते खोटं हाय बाय. आमच्या साबणाचं हाय ते.’

मावशी, तू किती मोठी गोष्ट करत होतीस हे मला त्या क्षणी दिसलं नाही. तू अठरा बायकांचं गुपित फोडलं होतंस. वाडीत त्या तुझ्यावर किती तोंड टाकणार होत्या, ते तुला ठाऊक होतं. मला फक्त माझा गोषवारा दिसत होता. मी तुला एसटी स्टँडपर्यंत सोडायलासुद्धा आले नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या सरांना सांगितलं की सगळे नमुने बाद आहेत, गोषवारा मागे घ्यावा लागेल. सरांनी विचारलं, कशावरून? मी म्हटलं, दाभोळची एक मावशी येऊन सांगून गेली. सर बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, ‘त्यांना माझ्यातर्फे धन्यवाद सांगा. आपण तोंडघशी पडलो असतो.’ हा निरोप मी तुला कधी दिला नाही. पहिले काही महिने रागात होते म्हणून, आणि राग गेल्यावर, तो दिवस पुन्हा काढायचा म्हणजे मी काय बोलले तेही निघणार म्हणून. आज देते. सरांनी तुला धन्यवाद सांगितलेत.

तीन आठवड्यांनी तूच फोन केलास. मी उचलल्या उचलल्या म्हणालीस, ‘राग उतरला काय? उतरला असेल तर बुधवारी ये. साडेबाराला ये, चारला नको.’

मी आले. तू बाजारातून नुकती आली होतीस. अंगणात माशाचा टब पालथा घालून त्यावर बसलीस, पडवीत नाही, उघड्यावर, सगळी वाडी बघेल अशी. हातावर खवले चिकटलेले, कपाळावर घाम, साडीला मांदेलीचा वास. बाकीच्या बायका कुंपणाशी उभ्या होत्या, अर्ध्या तुझ्यावर रुसलेल्या. त्यातल्या एकीने पदर नाकाला लावला, मुद्दाम. तू दंड पुढे केलास आणि मला म्हणालीस, ‘घे काडी. काल दुपारी एकला आंघोळ केलेली, आज अजून व्हायची हाय. तुझा दिवस भरला.’

एवढं सोपं होतं ते. कोणाला आंघोळ टाळायला सांगायची गरजच नव्हती, फक्त मी आंघोळीच्या आधी यायला हवं होतं. दीड वर्ष माझ्या डोक्यात हे आलं नाही, कारण मी एसटीचं वेळापत्रक बघत होते.

पुढच्या बुधवारी दोन टब पालथे पडले, त्याच्या पुढच्या खेपेला सात. मी पुन्हा विचारायला लागले, ‘साबण लावलेला नाही ना?’ तशी तू मला बाजूला घेतलंस. ‘तोंडाकडे बघून विचारू नको. मागीलदारी जा नि दगडावरचा साबण बघ. सुका असेल तर बाई खरं बोलते.’ त्यानंतर मी एकही प्रश्न विचारला नाही. प्रत्येकीच्या मागीलदारी जाऊन साबणाला बोट लावून यायचे. निबंधात नमुने घेण्याच्या पद्धतीबद्दल लिहिलं तेव्हा मी ‘साबण कोरडा असल्याची खात्री करून’ असंच लिहिलं. ते वाक्य तुझं आहे, पण खाली तुझं नाव घालता आलं नाही. तिथे कोणाचीच नावं नसतात, नुसते आकडे असतात.

त्या आकड्यावरून तर तू मला शेवटपर्यंत छळलंस. ‘माझ्या कातडीचं वय किती निघालं, सांग.’ मी सांगायचे, नमुन्यांवर आकडे असतात, कोणता आकडा कोणाचा ते उघड करायचं नाही असा नियम आहे. ‘अगो, दुसऱ्याचं नको सांगू. माझं मला सांगायला काय जातं?’ एकदा तू दंडाची आतली बाजू उघडी केलीस, गुळगुळीत, आणि मग हात उलटा करून मनगटाच्या वरचा भाग दाखवलास, काळवंडलेला, बारीक सुरकुत्यांचा. ‘हा आतला हात माझ्या लग्नातला हाय, नि हा बाजारातला. तुझी मशीन कुठला धरणार?’ उन्हाने कातडी कशी म्हातारी होते, यावर मी विद्यार्थ्यांना दोन तास शिकवायचे. आता फक्त त्यांना हात उलटा करून बघायला सांगते.

छत्रीचंही भांडण राहिलंच. ऊन लागू नये म्हणून मी तुला मोठी छत्री आणून दिली होती, बाजारात रोवून बसायची. दोन महिन्यांनी बघते तर छत्री माशावर आणि तू उन्हात. मी चिडले. तू म्हणालीस, ‘मासा नासतो गो, मी कुठे नासते?’ त्यावर मी तावातावाने तासभर बोलले आणि तू मला सुरमई तळून वाढलीस.

दुसऱ्या खेपेचे निकाल घेऊन मी आले तेव्हा पेढे आणले नव्हते, भीतीच बसली होती. आधी तुला एकटीला सांगितलं. तुमच्या कातडीवर गजबज आहे, मावशी. कुठलीही वस्ती उठलेली नाही. वय झालं की चेहऱ्यावरचं तेल कमी होतं, मग त्या तेलावर जगणारे जिवाणू कमी होतात आणि त्यांच्या जागी दुसरे येऊन राहतात. हे सगळीकडच्याच म्हाताऱ्या माणसांचं होतं, मासे विकणाऱ्यांचंच नाही. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, ‘म्हणजे घरची माणसं मुंबईला गेली नि भाडोत्री आले.’ ‘तसंच,’ मी म्हटलं. ‘मग घर रिकामं नाय ना?’ ‘नाही.’ तू लगेच आत तोंड करून हाक मारलीस, ‘सुनंदा, काढ गो ते पायमोजे. मॅडम काय सांगते ते ऐक.’

सुनंदा मला ‘मॅडम’ म्हणायची ती तेव्हापासून ‘बाय’ म्हणायला लागली. पुढच्याच आठवड्यात ती बाजारात तुझ्याशेजारी बसली.

तू मला परिषदेत तोंडघशी पडण्यापासून वाचवलंस, ते तर आहेच. पण त्याहून मोठं म्हणजे, माझ्या हातून तुम्हा बायकांवर एक खोटा डाग बसणार होता, तो तू बसू दिला नाहीस. आणि हे सगळं केलंस ते मला न दुखावता, माझ्याच शिव्या खाऊन. मी तुला अडाणी म्हटलं, मावशी. त्या खोलीत अडाणी एकच माणूस होतं आणि ते चहा पीत नव्हतं. मला माफ कर. हे मी तुझ्या अंगणात टबावर बसून कितीदा तरी म्हणायला गेले, आणि दर वेळी तू विषय काढलास, ‘कोलंबी सोलायला शिकलीस काय?’

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेतच होते. ‘आई गेली,’ ती म्हणाली. ‘सकाळी चहा घेतलान, जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाय.’ मी तशीच निघाले. दुसऱ्या फेरीबोटीत उभी होते तेव्हा दाभोळचा किनारा दिसायला लागला आणि मला पहिल्यांदा रडू आलं. शेजारी एक बाई होती, तिने काही न विचारता माझी पिशवी धरली.

घरी पोचले तेव्हा एक वाजत आला होता. तुझा मुलगा मुंबईहून यायचा होता, त्यामुळे नेण्याची घाई नव्हती. पण तुला आंघोळ घालायची तयारी होऊन बसली होती. चुलीवर पाणी तापून पुन्हा निवलं होतं. बायका भिंतीशी बसून होत्या. मी विचारलं, कशासाठी थांबलात?

सुनंदा म्हणाली, ‘तुझ्यासाठी. तुला आंघोळीच्या आधी लागतं ना.’

ती थट्टा करत नव्हती. तिला इतकंच ठाऊक होतं की मी आले की आंघोळ थांबवायची असते. तुझी मी काडी घेणार, असंही तिला वाटलं असेल. काडी मी नेलेली नव्हती, आणि नेली असती तरी बाहेर काढली नसती. मी तुझ्याजवळ बसले आणि तुझा हात हातात घेतला. आतला हात लग्नातला, बाहेरचा बाजारातला. तुझ्या कोपराशी एक बारीक खवला चिकटलेला होता, आदल्या दिवशीचा, आंघोळीतूनही राहिलेला. मी तो काढला नाही. बराच वेळ हात धरून बसले, मग उठले आणि म्हटलं, घाला आता.

मुलगा आला, तुला नेलं. सुनंदा म्हणाली, आंघोळ करूनच जा. मी म्हटलं, घरी जाऊन करते. निघताना बाजारावरून आले. ओटे रिकामे होते, तुझी छत्री मिटून कोपऱ्यात बांधून ठेवलेली होती. परवा सुनंदाने सांगितलं, ती छत्री आता ती अर्धी माशावर धरते आणि अर्धी स्वतःवर. तेवढं तरी मी जिंकले.

आता ते खोटं.

घरी पोचले तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. आई दारातच उभी. ‘कशाला हात लावू नको. पाणी काढलंय, सरळ बाथरूममध्ये जा.’ मी आत गेले, कडी लावली, नळ सोडला आणि स्टुलावर बसून राहिले. दोन माणसं हातात हात घेतात तेव्हा एकाच्या कातडीवरचे काही जिवाणू दुसऱ्याच्या कातडीवर येतात आणि धुऊन काढेपर्यंत तिथे राहतात, हे मी इतकी वर्षं शिकवत आले आहे. तुझ्या हातावरचे माझ्या उजव्या हातावर आलेले असणार. मला तो हात धुववेना. बादली भरून वाहायला लागली तरी धुववेना.

बाहेरून आईने विचारलं, ‘डोक्यावरून घेतलीस ना?’

‘घेतली,’ मी म्हटलं. अगदी सहज. तुमच्या पडवीत अठरा जणी ‘नाय’ म्हणायच्या तितकंच सहज.

आंघोळ केली ती दुसऱ्या दिवशी दुपारी एकला, पूर्ण दिवस भरल्यावर. तोवर उजवा हात जपला, रात्री चमच्याने जेवले, आईने दोनदा विचारलं, हाताला काय झालंय? आईला मी सांगेन कधीतरी. ती चिडेल, मग तुझी गोष्ट ऐकेल, आणि मग बर्फाला वास येत होता का ते पुन्हा विचारेल.

त्या रात्री मात्र मी कपडे बदलले, पुढचे केस ओले केले, आणि कडी काढणार एवढ्यात तुझी आठवण झाली. आई तोंडाकडे बघणारी नाही, तुझ्यासारखीच आहे. मी मागे वळले आणि डाव्या हाताने साबण ओला करून ठेवला.